पाठीवरची थाप

नथू मेला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं, एवढं उमेळ्यातल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. खाडीकडच्या बांधाला भगदाड पडलं होतं, ते बुजवायला तो दोन गड्यांना घेऊन गेला होता. चिखलाचं ढेकूळ उचलता उचलता एकदम ताठ झाला, गर्रकन वळला आणि म्हणाला, "कोनी मारला रं पाठीत?" मागे कोणीच नव्हतं. भरतीचं पाणी तेवढं चढत होतं. मग तो गुडघ्यांवर बसला, पांढराफटक पडला, आणि घरी आणेपर्यंत संपला. वय चाळीस.

त्याचा धाकटा मुलगा भूपेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. बापाचं मरण त्याला फारसं आठवत नव्हतं. त्यानंतरची आई आठवत होती. पुतळाबाईने खाडीकडचं शेत पडीक टाकलं. बांधावर काहीतरी आहे आणि ते पाठीत थाप मारतं, हे तिने मनाशी पक्कं केलं. दोन्ही पोरांना तिकडे फिरकायची बंदी केली. दर अमावास्येला सकाळी स्वतः जायची, बांधावर नारळ ठेवायची आणि मागे न बघता घरी यायची.

पोरं बापासारखीच ताडमाड निघाली. लांब हात, लांब बोटं, अंगावर मांस नाही. थोरला दीपेश आणि भूपेश दोघांनी मिळून मंडपाचा धंदा काढला. हळदी, साखरपुडे, बारशी. दुसऱ्यांच्या माणसांना शिडी लागायची तिथे या दोघांचं स्टुलावर भागायचं. पुतळाबाईचं वय झालं, पोरांची लग्नं झाली, आणि खाडीचं भय हळूहळू घरातल्या जुन्या भांड्यासारखं माळ्यावर गेलं.

तीन वर्षांपूर्वी ते खाली उतरलं. आचोळ्यातल्या एका हॉलमध्ये दुपारच्या वेळी दीपेश स्टुलावर उभा राहून झालर बांधत होता. भूपेश त्याच्यापासून चांगला दहा हात लांब, खाली बसून वायरी सोडवत होता. दीपेशने झालर सोडली, मान मागे वळवली आणि विचारलं, "कोण रे?" भूपेशने वर पाहिलं. भावाच्या पाठीमागे रिकामी भिंत होती. दीपेश अडतीस वर्षांचा होता. इस्पितळात पोचेपर्यंत गेला. कागदावर 'हृदयविकाराचा झटका' असं लिहून आलं.

पुतळाबाईने कागद बघितलाही नाही. "बांधावरची ती थाप पत्ता काढीत आली," एवढंच म्हणाली.

भूपेश शिकलेला होता, बारावीपर्यंत का होईना. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं तो बायकोला, निधीला सांगायचा. पण 'कोण रे' हे दोन शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्याची एक खोड निधीच्या लक्षात आली होती. तो कुठेही गेला तरी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. चहा प्यायला टपरीवर थांबला तरी खांब शोधायचा. पंगतीत बसायचा तो शेवटच्या रांगेत, मागे कोणी नसेल अशा जागी. हे वर्ष त्याला सदतिसावं होतं.

तर या माणसाला पुतणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं. दिपिका ही दीपेशची एकुलती एक मुलगी, आईबरोबर याच घरात राहायची. पंधरा वर्षांची, आणि उंची आत्ताच निधीच्या डोक्याच्या वर वीतभर. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात ती जाळ्याजवळ खेळायची. तिने उडी मारली की पलीकडच्या मुली आधीच हात खाली घ्यायच्या. पण चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढत होता. तिची आई कंपनीत कामाला जायची, तिला सुट्टी मिळेना, म्हणून काका गेला.

डॉक्टर सेलिन भुईगावच्या. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दिपिकाच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासाने यंत्राला डोळा लावून पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. मग त्यांनी दुसरा डोळा पाहिला. नंतर म्हणाल्या, "बाळा, अंगठा तळहातावर आडवा ठेव आणि त्याच्यावर मूठ मिट."

दिपिकाने मूठ मिटली. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाहेर आलं. तिला गंमत वाटली.

"आता या हाताने दुसरं मनगट धर." अंगठा आणि करंगळी मनगटाला वळसा घालून एकमेकांवर चढली.

डॉक्टरांनी भूपेशकडे मान वळवली. "तुम्ही करून बघा."

त्यानेही केलं. त्याचाही अंगठा बाहेर आला.

"घरात कोणी एकाएकी गेलंय का? कमी वयात?"

खोलीत पंखा फिरत होता. भूपेशने मिटलेली मूठ सोडली. डोळे तपासणाऱ्या बाईने हे का विचारावं? "हिचा बाप," तो म्हणाला. "आणि माझा बाप."

डॉक्टरांनी दिपिकाला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"डोळ्यातलं भिंग बारीक धाग्यांवर टांगलेलं असतं," त्या म्हणाल्या. "हिचे धागे सैल आहेत, भिंग वर सरकलंय. त्याचा इलाज आहे, मी करीन. पण मला भीती भिंगाची नाही. हे धागे ज्या द्रव्याचे असतात, त्याच द्रव्याने शरीरातली सगळ्यात मोठी नळी बांधलेली असते. महाधमनी. एओर्टा म्हणतात."

"ती कुठं असते?"

"काळजातूनच निघते. अंगठ्यापेक्षा थोडी जाड. वर गळ्याच्या दिशेने चढते, छत्रीच्या मुठीसारखी वळते, आणि पाठीच्या कण्याला चिकटून खाली उतरते. पार बेंबीपर्यंत. तिथे दोन फाटे होऊन पायांत जाते. डोकं, हात, पोट, जिथे म्हणून रक्त जातं, ते हिच्यातूनच वाटलं जातं." त्यांनी टेबलावरचा कागद ओढून एक वाकडी रेघ काढली. "काळीज ठोका देतं तेव्हा रक्त धडकून येतं. ही नळी जराशी फुगते, तो धक्का सोसते, मग आवळते. त्या आवळण्याने रक्त पुढे जातं, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही ते थांबत नाही. दिवसाला लाखभर वेळा फुगायचं आणि परत जागेवर यायचं. तुमच्या घरात तिचं परत जागेवर येणं कमी पडतंय, असं मला वाटतं. मग ती दरवेळी थोडीशी रुंदच राहते. वर्षानुवर्षं."

"आणि मग?"

डॉक्टरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "तिची भिंत तीन पदरांची असते. आतला पदर फाटला तर रक्त पदरांच्या मधे शिरतं आणि खाली फाडत जातं. कण्याच्या कडेने. माणसाला एकदम दोन खांद्यांच्या मधे..."

"थाप बसते," भूपेश म्हणाला.

त्यांना त्याच्या घराची गोष्ट माहीत नव्हती. "कोणी म्हणतं सुरा खुपसला, कोणी म्हणतं थाप. हो, तिथेच." मग त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, "हे आधी कळलं तर वाचवता येतं, भूपेश. म्हणूनच सांगतेय. दोघांच्या काळजाची सोनोग्राफी करून घ्या. या आठवड्यात."

दोघांची तपासणी झाली. यंत्राच्या पडद्यावर करड्या धुरात काहीतरी उघडमीट करत होतं, भूपेशने एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. दिपिकाची महाधमनी काळजापाशी थोडी रुंद होती. रोज एक गोळी, सहा महिन्यांनी परत तपासणी, आणि व्हॉलीबॉल बंद. भूपेशचा आकडा पाच पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर निघाला, असायला हवा त्याच्या दीडपट. हृदयाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून सरळ सांगितलं की घरात दोन मृत्यू झालेले असताना इतकं रुंद झालेलं तसंच ठेवता येणार नाही. छाती उघडून तेवढा भाग बदलायचा. जड उचलायचं नाही, जोर करायचा नाही, आणि उशीर करायचा नाही.

भूपेश घरी आला आणि त्याने दिपिकाचं तेवढं सांगितलं. स्वतःचा कागद मंडपाच्या गोदामात, पडद्यांच्या गठ्ठ्याखाली घातला.

का लपवलं, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बोललं की खरं होईल, असं काहीतरी होतं. ऑपरेशन म्हटलं की त्याला करवत दिसायची. आणि कागद लपवून भीती काही कमी झाली नाही. इतके दिवस भिंतीला पाठ लावली की त्याला धीर यायचा. आता भिंतीला टेकला की कण्यातून धडधड वर येतेय असं वाटायचं. जे मागून येईल म्हणून तो सावध राहायचा, ते आधीपासूनच आत बसलं होतं. शिंक आली की तो नाक दाबून धरायचा. खोकला गिळायचा. शौचाला बसल्यावर जोर करायला भ्यायचा. जिना चढताना दर चार पायऱ्यांवर फोन बघायचं निमित्त करून थांबायचा. बांबू उचलायची वेळ आली की माणसांवर ओरडायचा, "तुम्हाला हात नाहीत का?" माणसं चकित व्हायची, कारण सगळ्यात आधी बांबू खांद्यावर घेणारा तोच.

दिपिका त्याच्याशी बोलेनाशी झाली. तिला वाटायचं, काकाने डॉक्टरांना हो हो म्हणत तिचा खेळ बंद केला. गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या तिने संघातल्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकल्या. गोळीने तिला सुस्ती यायची. शाळेतून आली की ती पलंगावर उताणी पडून छताकडे बघत राहायची, आणि भूपेश दारातून तिच्या छातीकडे बघायचा, वरखाली होतेय ना म्हणून.

असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी गावातच एक हळद होती. संध्याकाळ झाली होती, मंडप उभा राहिला होता, बेंजोवाले वाजवून बघत होते. हळदीच्या घरचा बळीराम हा भूपेशचा शाळेपासूनचा दोस्त. बहिणीचं लग्न, म्हणून आनंदात होता. त्याने मंडपात शिरताच वर बघितलं, पिवळ्या पडद्यांचं छत, त्यात लावलेल्या माळा, आणि त्याचं मन भरून आलं. भूपेश पाठमोरा उभा राहून वायरमनशी बोलत होता. बळीराम मागून आला आणि "वा रे भूप्या, काय काम केलास!" म्हणत त्याने पाठीत सणसणीत थाप दिली.

भूपेशच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. तो सतरंजीवर पालथा पडला. बेंजो थांबला. पाहुणे धावले आणि चार पावलांवर थबकले, कारण गावातल्या माणसांना नथूची गोष्ट ठाऊक होती. एका म्हातारीने पदर तोंडावर घेतला.

भूपेश डोळे घट्ट मिटून पडला होता. आता फाटत खाली जाईल, आता पोटात उतरेल, म्हणून वाट बघत होता. हाताने सतरंजी घट्ट धरली होती. मग त्याने तसंच पडल्या पडल्या विचारलं, "बळी, तूच मारलास ना?"

बळीराम घाबरून गुडघ्यांवर बसला होता. "काय झायला रं? मी सहज..."

"तूच मारलास ना? सांग ना. तुझाच हात होता ना?"

"माझाच रं! आईशप्पत माझाच. मीच मारला." बळीराम रडायला लागला होता.

भूपेशने डोळे उघडले. त्याची पँट ओली झाली होती, ते त्याला तेव्हा कळलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटायला जागा नव्हती. बळीरामने आपला टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळला आणि त्याला घरी आणलं.

घरी त्याच्या आधीच बातमी पोचली होती. पुतळाबाई पायरीवर उभी होती, हातात नारळ. "मी बांधावर चालले," ती म्हणाली. "आताच्या आता."

"आये, थांब," भूपेश म्हणाला. त्याने बळीरामला गोदामात पाठवून गठ्ठ्याखालचा कागद मागवला आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं. निधी ऐकत होती, दारात दिपिका येऊन उभी राहिली होती. नळी कुठून निघते, कशी वळते, कशी कण्याच्या कडेने उतरते, हे त्याने डॉक्टर सेलिनच्या शब्दांतच सांगितलं, कारण दुसरे शब्द त्याच्याकडे नव्हते. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा होत गेला.

निधीने कागद हातात घेतला. तारीख वाचली. "अठरा दिवस?" ती म्हणाली. "अठरा दिवस तुम्ही माझ्या शेजारी झोपलात आणि..."

पुतळाबाईने हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे बांधावर कोनी नव्हता?"

"नव्हतं, आये."

"दीपेशच्या पाठी पन?"

"नाही."

"मग मी इतकी वरसं नारल कोनाला दिला?"

ती खाली बसली. तिने भूपेशचा हात ओढून मांडीवर घेतला आणि त्याची बोटं एकेक करून पाहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती. "तुझे बापाचे हात असेच," ती म्हणाली. "लगनात सगल्या बाया बोलल्या, पुतले, नवरा केवढा उंच गावला तुला. मना किती बरा वाटला व्हता." तिने त्याची बोटं मुठीत घट्ट धरली. "मी तुमाला खारीतल्या शेतावर जाऊ नाय दिला. आंब्यावर चढू नाय दिला. आनि ते बापाने तुमच्या आंगातच दिला व्हता, मना म्हाईत नाय."

"तुझा काय दोष, आये?"

"दोष नाय. पन भ्या वाटतं रं. बांधावरचा जो कोन व्हता, त्याला नारल तरी देता येत व्हता. याला काय देऊ?"

आईला इतकं घाबरलेलं भूपेशने बाप गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. पण उठली तीच आधी. डोळे पुसले, निधीला म्हणाली, "डाक्टरला फोन लाव. कापू दे. कापल्याबिगर नाय जमत तर कापू दे."

तीन आठवड्यांनी मुंबईतल्या एका इस्पितळात तारीख मिळाली. आदल्या दिवशी सर्जन येऊन समजावून गेले. तो रुंद झालेला तुकडा काढायचा आणि त्या जागी विणलेल्या कापडाची नळी शिवायची. शिवताना काळीज थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम बाहेरचं यंत्र करतं.

"किती वेळ?" भूपेशने विचारलं.

"दोन तास, थोडं मागेपुढे."

"तेवढा वेळ मी कुठं असेन?"

सर्जन तरुण होते. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "आमच्याकडे. आमच्या हातात." भूपेशला ते उत्तर पुरलं नाही, पण त्यांनी थट्टा केली नाही याचं बरं वाटलं.

सकाळी ढकलगाडीवरून नेताना निधी दरवाज्यापर्यंत चालत आली. पायाचा अंगठा धरून होती, दार आलं तेव्हा सोडला. आत फार थंड होतं. दिव्याखाली पडल्या पडल्या त्याने स्वतःचा ठोका ऐकायचा प्रयत्न केला. तो इतका जोरात होता की या धक्क्यानेच फाटेल, असं त्याला वाटलं. डॉक्टर, लवकर करा, असं त्याला म्हणायचं होतं.

बाहेर निधी आणि पुतळाबाई सात तास बसल्या. पुतळाबाईने पाण्याचा घोटही घेतला नाही. दाराचा आवाज झाला की ती उभी राहायची, दुसऱ्या कोणाचं नाव पुकारलं की बसायची. शेवटी त्यांचं नाव आलं तेव्हा ती उभीच राहिली नाही, निधीला म्हणाली, "तू जा. मना नाय ऐकवत." निधी गेली, आणि परत येताना तिचा चेहरा बघूनच म्हातारी हुंदके देऊन रडायला लागली. तो वाचला होता.

छातीची जखम भरून यायला तीन महिने लागले. मंडपाचं काम बळीराम बघायचा. आता भूपेश खुर्चीत बसून दोर कुठे बांधायचा ते सांगतो. ठोका कानात जास्त ऐकू येतो असं त्याला वाटतं, डॉक्टर म्हणतात ते काही विशेष नाही. कण्याच्या बाजूची बाकीची महाधमनी त्याची स्वतःचीच आहे, तिच्यावर जन्मभर नजर ठेवावी लागणार आहे, हेही त्यांनी सांगितलं आहे.

दिपिकाची सहामाही तपासणी आली तेव्हा तोच तिला घेऊन गेला. या वेळी त्याला आत जाऊ दिलं नाही. तो बाहेरच्या बाकावर बसला. दार नीट लागलं नव्हतं, आणि फटीतून यंत्राचा आवाज येत होता, ओला कपडा आपटल्यासारखा, फस्स, फस्स, फस्स. ते तिचं रक्त होतं. भूपेशने कान झाकून घेतले, आणि मग झाकलेले कान सोडले, कारण झाकल्यावर आवाज थांबलाय की काय, याची भीती जास्त होती.

ती बाहेर आली. कुर्त्याच्या गळ्यापाशी जेलचा डाग होता.

"तितकंच आहे," ती म्हणाली. "वाढलं नाही. सहा महिन्यांनी परत."

भूपेशने बाकावर सरकून जागा केली. ती त्याच्या शेजारी बसली. शाळेचा संघ त्याच दिवशी पालघरला सामन्याला गेला होता. ती मोबाइलवर मैत्रिणींनी टाकलेले फोटो बघत होती. एका फोटोत तिच्या पट्ट्या दुसऱ्या मुलीच्या गुडघ्यांवर दिसत होत्या. तिने तो मोठा करून पाहिला आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"काका, तुला अजून भीती वाटते?"

नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पोर पंधरा वर्षांची होती. पण अठरा दिवस लपवून काय झालं, ते त्याने पाहिलं होतं.

"रोज वाटते," तो म्हणाला. "सकाळी उठल्यावर जास्त. मग कामाला लागलो की जरा कमी."

"मला आंघोळ करताना वाटते," दिपिका म्हणाली. "एकटी असते ना तेव्हा."

"मग दाराला कडी लावत जाऊ नकोस. निधी काकी बाहेर बसेल."

"चालेल," ती म्हणाली. मग दोघं उठली आणि हळूहळू, दर चार पायऱ्यांवर थांबायचं निमित्त न शोधता, जिना उतरून खाली रस्त्यावर आली.